श्रेयाचा न्याय

काळेवाडीतून पवनेचा पूल ओलांडून जी माणसे रोज सकाळी पिंपरी, भोसरी अथवा चाकणच्या वाटेला लागतात, त्यांच्या हातून दिवसभरात घडणाऱ्या वस्तूंवर त्यांचे नाव कधीच उमटत नाही. लेथवर कातलेल्या शाफ्टवर बॅचचा क्रमांक असतो, सोबतच्या चलानावर पुरवठादाराचे नाव असते आणि रस्त्यावर धावणाऱ्या तयार गाडीवर कंपनीची मुद्रा असते. ज्याने मायक्रोमीटर लावून तो जॉब नेमक्या मापात उतरविला, तो अनामिक राहतो. याचे दुःख करावे काय? एखादा म्हणेल, पगार मिळाला, काम संपले, दुःख कसले? दुसरा म्हणेल, मनुष्याला पोटाच्या भुकेइतकीच ओळखीचीही भूक असते. तिसरा, विशेषतः आपल्यासारख्या घरात वाढलेला, काहीसा अस्वस्थ होऊन विचारील, की श्रेयाची अपेक्षा धरणे हाच मुळी अहंकार नाही काय?

हा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना सद्गुण उभे आहेत. एका बाजूला नम्रता आहे. दान देताना एका हाताचे दुसऱ्या हाताला कळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुसऱ्या बाजूला न्याय आहे. कामकऱ्याला त्याचे मोल मिळालेच पाहिजे, हेही त्याच शुभवर्तमानात आपण वाचतो. मग श्रेय हे दानासारखे झाकून ठेवावयाचे, की मजुरीसारखे चुकते करावयाचे?

या प्रश्नाचा विचार करताना एका अनपेक्षित ठिकाणाहून प्रकाश मिळतो. ते ठिकाण म्हणजे आधुनिक भौतिकशास्त्रातील पुंज क्षेत्र सिद्धांत, ज्याला क्वांटम फील्ड थिअरी या नावानेही ओळखले जाते. विषय कठीण खरा. परंतु त्याची मूळ कल्पना समजून घेण्यास गणिताची आवश्यकता नाही. आणि दोन कारणांसाठी तो येथे उपयोगी पडतो. ओळख म्हणजे काय, याविषयी हा सिद्धांत स्वतःच काही विलक्षण सांगतो. आणि ज्यांनी तो घडविला त्यांच्या इतिहासात श्रेय देण्याची व हुकण्याची अशी काही उदाहरणे आहेत, की ज्यांचे धागे ढाक्यापासून मुंबई-पुण्यापर्यंत येऊन पोहोचतात.

शाळेत कागदावर लोखंडाचा कीस पसरून खाली चुंबक धरल्याचे अनेकांना आठवत असेल. कीस आपोआप वक्र रेषांत मांडला जातो. चुंबकाभोवतीची जागा डोळ्यांना रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. तेथे चुंबकाचे क्षेत्र पसरलेले असते. विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी ही कल्पना फार दूरवर नेली. १९२७ साली इंग्लंडच्या पॉल डिरॅक यांनी प्रकाशाच्या क्षेत्राला पुंजाचे नियम लावून दाखविले आणि तेथून या सिद्धांताची खरी वाटचाल सुरू झाली. या सिद्धांताप्रमाणे अवघे अवकाश अनेक प्रकारच्या क्षेत्रांनी भरलेले आहे. प्रकाशाचे एक क्षेत्र, इलेक्ट्रॉनचे एक क्षेत्र, आणि अशीच इतर काही. आपण ज्याला कण म्हणतो, तो त्या क्षेत्रात उठलेला तरंग होय. मात्र हा तरंग वाटेल त्या मापाचा उठत नाही, ठराविक पुंजांतच उठतो.

यातून एक आश्चर्यकारक गोष्ट निष्पन्न होते. एकाच ड्रॉइंगवरून काढलेले दोन बोल्ट कितीही सारखे दिसले तरी पुरेसे सूक्ष्म गेज लावले की त्यांच्यातील फरक सापडतो. फरक न सापडला तरी एकावर खडूची खूण करून तो ओळखता येतो. दोन इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत मात्र फरकही सापडत नाही आणि खूणही करता येत नाही. काळेवाडीतील एखाद्या विजेच्या तारेतला इलेक्ट्रॉन आणि दूरच्या ताऱ्यातला इलेक्ट्रॉन तंतोतंत सारखे असतात, कारण ते एकाच क्षेत्राचे तरंग आहेत. त्यांची अदलाबदल केली, असे म्हणण्याला काही अर्थच उरत नाही. निसर्गाच्या वहीत कणाला नाव नाही.

ही गोष्ट प्रकाशाच्या पुंजांच्या बाबतीत प्रथम ज्याच्या हिशेबातून उघड झाली तो एक भारतीय होता. १९२४ साली ढाका विद्यापीठात शिकविणाऱ्या तीस वर्षांच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशाच्या पुंजांची गणना एका नव्या रीतीने केली. दोन नाणी उडविली तर आपण चार शक्यता मोजतो : दोन्ही छापे, दोन्ही काटे, पहिल्याचा छापा व दुसऱ्याचा काटा, आणि त्याच्या उलट. परंतु पहिले नाणे कोणते आणि दुसरे कोणते हे सांगणेच अशक्य असेल, तर शेवटच्या दोन शक्यता एकच ठरतात आणि चाराऐवजी तीन उरतात. बोस यांनी प्रकाशाचे पुंज असे मोजले आणि तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा नियम त्यांना अचूक मिळाला.

बोस यांनी आपला निबंध बर्लिनला आल्बर्ट आइनस्टाइन यांच्याकडे पाठविला. पाठविणारा जगाला अपरिचित होता आणि ज्याला पाठविला तो त्या काळचा सर्वांत कीर्तिमान शास्त्रज्ञ होता. आइनस्टाइन यांनी त्या निबंधाचा स्वतः जर्मन भाषेत अनुवाद केला आणि बोस यांच्या नावानेच तो तेथील नियतकालिकात छापवून आणला. त्या कल्पनेवर पुढे त्यांनी स्वतःही संशोधन केले; पण मूळ कल्पना कोणाची, याविषयी जगाला क्षणभरही संभ्रम होऊ दिला नाही. बोस यांना नोबेल पारितोषिक कधीच मिळाले नाही. तथापि निसर्गातील कणांच्या दोन मोठ्या कुळांपैकी एकाला डिरॅक यांनी ‘बोसॉन’ हे नाव दिले. कणांना स्वतंत्र ओळख नसते हे ज्याने दाखविले, त्याचेच नाव त्या कणांना लागले आहे.

येथे आपल्या मूळ प्रश्नाला पहिले वळण मिळते. कारखान्यांच्या परिसरात ‘बदली कामगार’ हा शब्द आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. अमका आला नाही तर तमका उभा करा, यंत्र थांबता कामा नये. यंत्राच्या दृष्टीने ही व्यवस्था रास्त असेल. परंतु हळूहळू ती आपल्या विचारातही शिरते आणि माणसेही इलेक्ट्रॉनांसारखी, म्हणजे कोणीही कोणाच्या जागी चालणारी, वाटू लागतात. ज्ञानाच्या क्षेत्रातही हाच युक्तिवाद ऐकू येतो. सत्य तर तयारच असते. याने शोधले नसते तर त्याने शोधले असते. मग शोधणाऱ्याच्या नावाचा एवढा आग्रह कशासाठी?

या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. किंबहुना पुंज क्षेत्र सिद्धांताचाच इतिहास त्याला मोठा आधार देतो. १९३० च्या दशकात हा सिद्धांत एका विचित्र अडचणीत सापडला होता. साध्या प्रश्नाला उत्तर म्हणून अनंत हा आकडा येत असे, आणि अनंत हे उत्तर म्हणजे उत्तर नसल्यासारखेच. १९४७ साली अमेरिकेत विलिस लॅम्ब व रॉबर्ट रेदरफर्ड यांनी हायड्रोजनच्या अणूतील ऊर्जेचा एक अतिसूक्ष्म फरक मोजला आणि सिद्धांताने आता नेमके उत्तर दिलेच पाहिजे अशी वेळ आली. ते उत्तर देण्याची रीत तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या मार्गांनी शोधली. अमेरिकेत ज्युलियन श्विंगर यांनी भारदस्त गणिताने, रिचर्ड फाइनमन यांनी साध्या रेघोट्यांसारख्या दिसणाऱ्या आकृत्यांनी, आणि टोकियोत शिनइचिरो तोमोनागा यांनी. तोमोनागा यांनी आपल्या विचाराचा पाया युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, १९४३ साली, जपानी भाषेत प्रसिद्ध केला होता. बाहेरच्या जगाला त्याची वार्ताही नव्हती.

हा सिद्धांत किती अचूक ठरला, हे यंत्रावर काम करणाऱ्या वाचकांना सहज समजेल. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचे सिद्धांताने काढलेले मूल्य आणि प्रयोगात मोजलेले मूल्य यांचा मेळ सुमारे एक लाख कोटीत एक भाग इतका सूक्ष्म आहे. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंतचे साधारण साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर मोजावे आणि चूक दहा-बारा मायक्रॉनांपेक्षा अधिक नसावी, असा हा मेळ आहे. चांगल्या कारागिराला वीतभर लांबीच्या तुकड्यावर एवढी अचूकता राखतानाही श्वास रोखून धरावा लागतो.

आता श्रेयाचा भाग पाहू. १९४८ च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांना टोकियोहून तोमोनागा यांचे पत्र आले. आम्हीही याच प्रश्नावर काम केले आहे, असा त्याचा मथितार्थ होता. हिरोशिमा व नागासाकीवर ज्या बाँबचा वर्षाव झाला, तो बाँब तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख हेच ओपेनहायमर होते. आणि त्या घटनेला जेमतेम तीन वर्षे लोटली होती. पराभूत देशातून आलेले ते पत्र बाजूला ठेवणे सोपे होते. कोणी विचारलेही नसते. ओपेनहायमर यांनी त्याच्या प्रती आपल्या सहकाऱ्यांना पाठविल्या आणि तोमोनागांना तार करून कामाचा सारांश लिहिण्यास सुचविले. तो सारांश त्याच वर्षी अमेरिकेतील अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यानंतर चोवीस वर्षांच्या फ्रीमन डायसन या इंग्रज तरुणाने या तिन्ही रीती मुळात एकच आहेत हे सिद्ध केले. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच तिघांची नावे होती आणि त्यांत पहिले नाव तोमोनागांचे होते. १९६५ साली नोबेल पारितोषिक याच तिघांना विभागून मिळाले. ते एका वेळी तिघांहून अधिकांना देता येत नाही, म्हणून चौथा डायसन बाहेर राहिला. त्याने त्याविषयी कटुता बाळगल्याचे दिसले नाही. २०२० साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी तो निवर्तला, तोपर्यंत नवनव्या विषयांवर आनंदाने लिहीत राहिला.

तीन माणसांनी एकच सत्य स्वतंत्रपणे शोधले, याचा अर्थ सत्य खरोखरच शोधणाऱ्यावाचून अडून बसत नाही. परंतु म्हणून शोधणारा एकमेकांच्या जागी चालणारा ठरतो काय? तोमोनागा यांनी बाँबहल्ल्यांच्या व उपासमारीच्या काळात जो विचार केला, तो श्विंगर यांच्या विचारापेक्षा निराळा होता, आणि फाइनमन यांच्या आकृत्या दुसऱ्या कोणाच्या हातून त्याच रूपात उतरल्या नसत्या. सत्य एक, पण त्याच्यापर्यंत चालून गेलेली पावले प्रत्येकाची आपापली. श्रेय देणे म्हणजे सत्याची मालकी कोणाच्या नावावर करणे नव्हे. कोण चालत गेला, एवढे खरे सांगणे म्हणजे श्रेय देणे.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण अधिक वेदनादायक आहे, आणि त्याचा प्रारंभ मुंबईत होतो. केरळमधील कोट्टायमजवळच्या पल्लम या गावी १९३१ साली एका सीरियन ख्रिस्ती कुटुंबात एन्नक्कल चांडी जॉर्ज सुदर्शन यांचा जन्म झाला. १९५२ साली ते होमी भाभा यांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. संस्था तेव्हा अपोलो बंदराजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तेथून १९५५ साली ते अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट मार्शाक यांचे विद्यार्थी म्हणून गेले.

त्या काळी किरणोत्सर्गाच्या एका प्रकारामागील दुर्बल बलाचे कोडे सुटत नव्हते. निरनिराळे प्रयोग परस्परविरोधी साक्ष देत होते. सुदर्शन यांनी सर्व प्रयोगांचा हिशेब मांडला आणि धाडसी निष्कर्ष काढला, की या बलाचे एकच सार्वत्रिक रूप असू शकते आणि त्याला न जुळणारे चार प्रयोगच चुकीचे असले पाहिजेत. पुढे ते प्रयोग खरोखरच चुकीचे ठरले. १९५७ च्या एप्रिलमध्ये रोचेस्टरलाच मोठी परिषद भरली होती. परंतु सुदर्शन विद्यार्थी असल्यामुळे त्यांना बोलण्याची संधी मिळाली नाही, आणि त्यांचे काम तेथे दुसऱ्या कोणाकडूनही मांडले गेले नाही. त्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मरे गेल-मान यांच्याशी त्याविषयी चर्चा झाली. सप्टेंबरमध्ये मार्शाक यांनी इटलीतील परिषदेत हे काम सादर केले. त्याचे इतिवृत्त मात्र छापून येण्यास विलंब लागला. मधल्या काळात फाइनमन आणि गेल-मान यांनी आपल्या स्वतंत्र विचाराने त्याच निष्कर्षावर येऊन निबंध लिहिला व तो १९५८ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्यांनी तळटीपेत सुदर्शन व मार्शाक यांचा उल्लेखही केला. परंतु जगाच्या तोंडी बसली ती दोन प्रसिद्ध नावे.

या कथेत चोर कोणीही नाही, हे आवर्जून लक्षात घेतले पाहिजे. प्रत्येक ठिकाणी घडली ती एक लहानशी गोष्ट : एक न मिळालेली वेळ, एक लांबलेली छपाई, एक तळटीप. या लहान गोष्टींची बेरीज होऊन सव्वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे काम झाकले गेले. श्रेयाच्या बाबतीतील अन्याय बहुधा असाच घडतो. त्याला दुष्ट माणसाची गरज लागत नाही. प्रत्येकाने आपापल्या सोयीपुरते मौन बाळगले की पुरे.

फाइनमन यांच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. हा सिद्धांत सुदर्शन आणि मार्शाक यांनी शोधला. आपण व गेल-मान यांनी त्याला प्रसिद्धी दिली, अशा आशयाची कबुली त्यांनी १९६३ साली दिली. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या मनुष्याने असे म्हणणे सोपे नसते.

सुदर्शन यांच्या वाट्याला असा प्रसंग पुन्हा आला. प्रकाशाच्या क्षेत्राचे पुंजरूप वर्णन करण्याची एक महत्त्वाची रीत त्यांनी १९६३ साली मांडली. याच विषयातील कार्यासाठी २००५ साली रॉय ग्लॉबर यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. ग्लॉबर यांचे कार्य मोठे होते, यात शंका नाही. परंतु ती रीत आज दोघांच्याही नावाने ओळखली जाते. या वेळी सुदर्शन गप्प राहिले नाहीत. त्यांनी पारितोषिक समितीला पत्र लिहून आपली हरकत नोंदविली आणि अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली. निर्णय बदलला नाही. २०१० साली इटलीतील त्रिएस्तेच्या आंतरराष्ट्रीय केंद्राने त्यांना डिरॅक पदक दिले. २०१८ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

त्यांनी तक्रार करावयास हवी होती काय? अनेकांना ते रुचले नाही. एवढ्या मोठ्या विद्वानाने पारितोषिकासाठी भांडावे, हे शोभत नाही, असे म्हटले गेले. डायसन पाहा, किती शांत राहिला, अशी तुलनाही करता येईल. परंतु ही तुलना नीट तपासली पाहिजे. डायसनचा वाटा कोणीही नाकारला नव्हता. पारितोषिक न मिळूनही त्याच्या निबंधाविषयी प्रत्येक पाठ्यपुस्तक बोलत होते. सुदर्शन यांच्या बाबतीत ‘हे मी केले’ हेच पुनःपुन्हा सांगावे लागत होते. एकाजवळ श्रेय होते, त्यामुळे बक्षिसाविषयी उदासीन राहणे त्याला शक्य झाले. दुसऱ्याजवळ श्रेयच पुरते नव्हते.

येथे बक्षीस आणि श्रेय यांतील भेद स्पष्ट होतो. बक्षिसे मोजकीच असतात. ती तिघांना मिळतात, चौथ्याला मिळत नाहीत. त्याविषयी फार खंत करण्यात अर्थ नाही. श्रेय ही मात्र साक्ष आहे. कोणी काय केले याविषयी खरे बोलणे, एवढीच त्याची व्याप्ती. साक्षीला तिघांची मर्यादा नाही, तिला पैसे पडत नाहीत आणि ती वाटल्याने कमी होत नाही. म्हणूनच बक्षीस न देणे हा नेहमीच अन्याय ठरत नाही. पण साक्ष न देणे हा अन्याय ठरतो. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपल्याला तोंडपाठ आहे. जेथे बोलावयास हवे तेथे गप्प राहूनही खोटी साक्ष देता येते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

याच दृष्टीने पुण्याच्या एका कन्येचे स्मरण करावेसे वाटते. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ साली पुण्यात झाला. सर परशुरामभाऊ महाविद्यालय, मुंबईची आय.आय.टी. आणि अमेरिकेतील स्टोनी ब्रूक असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास. पुढे मुंबई विद्यापीठात आणि १९९५ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन व संशोधन केले. पुंज क्षेत्र सिद्धांतानुसार प्रकाशाचा पुंजही अगदी साधा नसतो. क्षणार्धासाठी तो जड कणांच्या जोडीचे रूप घेऊ शकतो. जर्मनीचे मॅन्युएल ड्रीस आणि गोडबोले यांनी दाखविले, की भविष्यातील प्रचंड यंत्रांत इलेक्ट्रॉनांचे झोत एकमेकांवर आदळतील तेव्हा त्यांतून निघणारे प्रकाशाचे पुंजच आपापसांत टकरून नको असलेल्या कणांचा मोठा कचरा निर्माण करतील. यंत्राचा आराखडा करतानाच हा कचरा लक्षात घेणे त्यामुळे भाग पडले. हा परिणाम दोघांच्या नावाने ओळखला जातो.

परंतु त्यांचे दुसरे कार्यही तितकेच मोलाचे आहे. राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी संपादित केलेले ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक २००८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केले. भास्कराचार्यांच्या लीलावतीचे नाव धारण करणाऱ्या या पुस्तकात सुमारे शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची ओळख आहे. विज्ञानाच्या इतिहासात स्त्रियांची नावे फार सहज गळतात. १९५७ साली ज्या प्रयोगाने निसर्ग डावे-उजवे ओळखतो हे सिद्ध झाले, तो चिएन-शिउंग वू या स्त्रीने सहकाऱ्यांसह केला होता. त्या वर्षीचे नोबेल मात्र ती कल्पना सुचविणाऱ्या दोन पुरुषांना मिळाले. गोडबोले यांनी दुसऱ्यांचे श्रेय वेचून ग्रंथबद्ध केले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातच त्यांचे देहावसान झाले.

आता कोणी म्हणेल, की एकट्या-दुकट्या संशोधकांचे दिवस संपले. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला. त्याच्या वस्तुमानाविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधावर पाच हजारांहून अधिक लेखकांची नावे होती. अशा ठिकाणी श्रेयाला काय अर्थ? प्रश्न रास्त आहे. त्या यंत्राचा बोगदा सत्तावीस किलोमीटरचा असून त्यातील अवजड चुंबक ज्या अचूक जॅकांवर तोललेले आहेत, ते सुमारे सात हजार जॅक भारतात तयार होऊन गेले. ते घडविणाऱ्या कारागिरांची नावे त्या पाच हजारांत नाहीत. तरीही लांबलचक यादी छापण्याचा तो खटाटोप मला हास्यास्पद वाटत नाही. माणसे कितीही असोत, त्यांची संख्या सांगून भागत नाही, नावे सांगावी लागतात, ही जाणीव त्यामागे आहे. यादी अपुरी आहे, म्हणून ती फाडून टाकण्याऐवजी वाढविणे श्रेयस्कर.

यावरून आपल्या प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते असे येते. नम्रता आणि न्याय यांत विरोध नाही; त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. नम्रता मी माझ्या वाट्याविषयी बाळगावयाची. न्याय मी दुसऱ्याच्या वाट्याविषयी करावयाचा. अडचण उद्भवते ती आपण या जागा बदलतो तेव्हा. आपल्या हक्काचे आपण मोठ्याने सांगतो आणि ज्याचे श्रेय आपल्याकडे राहून गेले, त्याला मात्र नम्रतेचा उपदेश करतो. आइनस्टाइन, ओपेनहायमर आणि कबुली देणारे फाइनमन मोठे वाटतात, कारण त्यांनी न्यायाचा भाग स्वतःकडे घेतला. अन्याय झालेल्याने गप्प राहणे हा त्याचा वैयक्तिक त्याग असू शकेल; तो त्याच्याकडून मागण्याचा अधिकार इतरांना नाही.

आणि ही गोष्ट केवळ नोबेलच्या उंचीवरची नाही. कारखान्यात सूचनापेटी असते. एखादा ऑपरेटर फिक्स्चरमध्ये लहानसा बदल सुचवितो, प्रत्येक जॉबमागे काही सेकंद वाचतात. महिन्याच्या बैठकीत ती सुधारणा विभागाची म्हणून मांडली जाते आणि ऑपरेटरचे नाव वाटेतच गळते. कंत्राटी कामगार असेल तर ते कागदावर येण्याचा प्रश्नच नसतो. बैठकीत बोलणाऱ्याला एक वाक्य अधिक बोलावे लागले असते, एवढेच. घरात सणाच्या जेवणाची स्तुती होते तेव्हा पहाटे उठून वाटण करणारी सून किंवा भांडी घासणारी बाई त्या स्तुतीत असते काय? धर्मग्रामाच्या सणाची स्मरणिका निघते, तीत देणगीदारांची छायाचित्रे असतात. गायनवृंदाला महिनाभर शिकविणाऱ्याचे नाव शेवटच्या पानावर तरी असते काय? मुलाने शाळेचा प्रकल्प मित्राच्या मदतीने केला, तर त्या मित्राचे नाव वहीवर लिहावयास आपण त्याला सांगतो काय? ही सवय त्याच वयात लागली तर लागते.

ज्याच्या हाती बोलण्याची संधी असते, त्याच्याकडे हे ऋण जमा होत असते. सुपरवायझर, मुख्याध्यापक, समितीचा चिटणीस, घरातील कर्ता पुरुष, या सर्वांना ते फेडण्याची संधी दररोज मिळते. त्यासाठी पैसा लागत नाही, मोठे मनही फारसे लागत नाही. ‘हे अमक्याने केले’ एवढे चारचौघांत, योग्य वेळी आणि त्या माणसाच्या समक्ष म्हणता आले पाहिजे. योग्य वेळी हे शब्द महत्त्वाचे आहेत. १९५७ साली एप्रिलमध्ये एका विद्यार्थ्याला पंधरा मिनिटे मिळाली असती, तर २००५ सालचे ते पत्र कदाचित लिहावे लागले नसते.

कणांना नावे नसतात आणि त्यांवाचून त्यांचे काही अडत नाही. माणसांना नावे आहेत, ती बाप्तिस्म्याच्या वेळी मोठ्याने उच्चारली जातात. कामाच्या ठिकाणीही ती अधूनमधून उच्चारली जावीत, एवढीच अपेक्षा.